सिस्टरांचं उपोषण: एक दुरुस्ती

पौड,
शुक्रवार, २० फेब्रुवारी २०२६

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार.

दुरुस्ती: बुधवारच्या पत्रात मी लिहिलं होतं की आमच्या प्राचार्या सिस्टर जसिंता संध्याकाळच्या गाडीसाठी उपोषणाला बसल्या आहेत. त्या उपोषणाला बसलेल्या नाहीत. त्या नुसत्याच बसल्या आहेत.

मागच्या पत्रातली चूक आधी लिहायची आणि मग खुशाली, हे तूच शिकवलंस. चौथीपर्यंत तुझ्या ओट्यावर बसून मी पाढ्यांच्या आधी हेच शिकले. आजवरच्या माझ्या दुरुस्त्या लहान असायच्या. सर्दी म्हणून लिहिलेली सर्दी नव्हती, मिरचीचा ठसका होता, अशा. ही मोठी आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

सोमवारी आगारातून तिसरा नकार आला. तिन्ही अर्ज मीच टाइप केले होते. प्रॅक्टिकल सव्वापाचला सुटतं, पिंपळटेकची शेवटची गाडी साडेचारला जाते, तरी पावणेसहाला एक गाडी द्यावी, नाहीतर धरणापलीकडच्या एकवीस मुली कॉलेज सोडतील. सिस्टरांनी नकाराचं पत्र दोनदा वाचलं, त्याची घडी घातली आणि मीटिंगमध्ये म्हणाल्या, “झालं. आता या विषयावर मी एकही शब्द बोलणार नाही.”

बुधवारी सकाळी त्या आल्या तेव्हा बोलणं बंद. कपाळाला राख. दुपारी डबा नाही. आणि ऑफिसात न बसता गेटबाहेरच्या बस थांब्यावर, सिमेंटच्या बाकावर बसलेल्या. मी जवळ जाऊन विचारलं, “सिस्टर, गाडीसाठी का?” त्यांनी डोळे मिटले आणि ओठांवर बोट ठेवलं. आत्या, तूच सांग, माणसाने काय समजायचं?

आज कॉन्व्हेंटच्या स्वयंपाकघरातल्या चंद्राबाईंनी मला वेड्यात काढलं. “अगं येडे, दरवर्सी असतंय त्यांचं! राखेचा बुधवार म्हंत्यात. तितनं चाळीस दिस उपासाचे. सिस्टर दिसाला एकदाच जेवत्यात. आन आठ दिस तपसाधना, म्हंजी कुनाशी बोलायचं न्हाई, निसती प्रार्थना. दरसाल खंडाळ्याला जात्यात. यंदा परीक्षा हायेत म्हनून हितंच.”

मी इथे ऑफिसात टायपिस्ट म्हणून लागून आठच महिने झाले, मला हे कसं माहीत असणार? बाकाचंही कारण कळलं. कॉन्व्हेंटमध्ये फरशी कापायचं काम चालू आहे, आणि सगळ्या पौडात शांत जागा एकच, आमचा बस थांबा. तिथे बस नावालाच येते.

तरी बुधवारचं पत्र फाडून टाक. तुझ्या शेजारच्या रेश्माला होळीपर्यंतच कॉलेजात ठेवतो असं तिचे वडील ज्ञानदेवदादा म्हणाले आहेत, म्हणून मी घाईत लिहिलं. कुणाला दाखवलं नसशीलच.

तुझी,
नम्रता

*

पिंपळटेक,
शनिवार, २१ फेब्रुवारी

चि. नम्रतास अनेक आशीर्वाद.

दुरुस्ती: तुझी दुरुस्ती उशिरा आली.

हे पत्र मी सांगतीय आन रेश्मा लिहितीय, कारण माझा चष्मा मोडलाय. त्यामुळं तुझं बुधवारचं पत्र मला वाचता यीना. ज्यानं आणलं त्यानंच वाचून दाखवावं म्हनून मी ते गुरवारी सकाळी विश्राम कंडक्टरच्या हातात दिलं. त्यानं गाडीच्या पायरीवर हुभं ऱ्हाऊन वाचलं. मागच्यांना ऐकू यीना म्हनून डायव्हरला इंजिन बंद करायला लावलं. मग परत पहिल्यापासून वाचलं. शिवजयंतीचा दिस, गाडी भरल्याली.

आता तू म्हंतीस ते खोटं. पर गाडी तोवर सात गावं फिरून आली व्हती. भूगावच्या त्या प्लॉटवाल्या दिग्विजयभाऊपर्यंत बातमी गेली. त्यानं विश्रामला फोन करून इचारलं, “बाई कुटल्या पक्षाच्या?” विश्राम म्हनला, “पांढऱ्या साडीच्या.”

उद्या हितनं सतरा बायका पौडला निघाल्यात, सिस्टरांच्या जोडीला साखळी उपोषण करायला. धोंडाबाई म्होरकी. मी आले असते, पर म्हस आज-उद्या व्यायची हाय.

तुझी दुरुस्ती आमी दोघींनीच वाचली. मी कुणाला काय बोलले न्हाई. खोटं बोलले न्हाई, हे ध्यानात घे. कुणी इचारलंच न्हाई.

आत्या

नम्रताताई, हे माझं. बाबा काल जेवताना म्हणाले, “परगावची बाई आपल्या पोरींसाठी उपाशी बसलीय आन आपुन पोरगी घरी बसवायची? तोंड दाखवायला जागा ऱ्हायची न्हाई.” होळीची मुदत त्यांनी काढली. आता ‘सिस्टर उठेपर्यंत’ अशी आहे. कृपा करून सिस्टरांना उठवू नका. – रेश्मा

*

पौड,
सोमवार, २३ फेब्रुवारी

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार.

दुरुस्ती: मी लिहिलं होतं की सिस्टर दिवसातून एकदाच जेवतात. रविवारी तसं नसतं. रविवार त्यांच्यात उपवासाचा धरत नाहीत. हे मला रविवारी कळलं, सगळ्यांच्या बरोबरच.

काल सकाळी धोंडाबाईंचा जथा उतरला. दिग्विजयभाऊंनी मांडव घातला होता आणि फ्लेक्स लावला होता, ‘सिस्टरांच्या मौन उपोषणास जाहीर पाठिंबा’. त्यावर चौदा जणांचे फोटो, सगळे गॉगल लावलेले. सिस्टर खाली कोपऱ्यात, तिकिटाएवढ्या. त्यांच्याही खाली ‘भूगाव येथे एन.ए. प्लॉट उपलब्ध’.

सतरा बायका पदर डोक्यावर घेऊन ओळीने बसल्या. साडेबाराला सिस्टर चर्चमधली रविवारची मिस्सा आटोपून शांतपणे आल्या, बाकावर बसल्या आणि मांडीवर डबा उघडला. आत्या, त्यात कोंबडी होती. सुकी, तीळ-खोबऱ्याची. वास मांडवाच्या दुसऱ्या टोकाला गेला. मी छत्री उघडून मध्ये उभी राहिले, पण छत्रीने वास अडत नाही.

“आगं बया,” धोंडाबाई म्हणाल्या, “ही तर तंगडी खातीय.”

दिग्विजयभाऊंनी फ्लेक्सकडे बघितलं, फ्लेक्सवरच्या स्वतःकडे बघितलं. मी ठरवलं, आता खरं सांगून टाकायचं. तेवढ्यात विश्राम कंडक्टर गाडीतून ओरडला, “आवो, त्यांच्यात रविवारी सुट्टी असती!”

“उपासाला सुट्टी?” धोंडाबाई उठून उभ्या राहिल्या. “मंग आमाला कुनी सांगितलं का न्हाई? सकाळधरनं चहा न्हाई पोटात!”

सिस्टरांनी हसून डबा त्यांच्यापुढे केला. पाच मिनिटांत सतरा पिशव्यांतून सतरा भाकऱ्या बाहेर आल्या. उपोषणाला निघताना बरोबर भाकरी कशाला, हे मी कुणाला विचारलं नाही. पिठलं, ठेचा, कुणाचं सुकट. कॉलेजच्या गॅदरिंगला एवढं जेवण नव्हतं. आज सकाळपासून मात्र सगळ्या परत कडकडीत उपाशी.

आता आजचं लिहिते.

अकरा वाजता आगारातले साहेब आले. घाबरलेले होते. त्यांना वरून फोन आला होता की महिला दिन तोंडावर आला आहे, भानगड मिटवा. ते खुर्ची ओढून सिस्टरांच्या समोर बसले. मी वही घेऊन शेजारी.

“मॅडम, गाडी देतो. आठवड्यातून दोन दिवस.”

सिस्टरांनी डोळे मिटले.

“बरं, तीन.”

सिस्टरांनी मान खाली घातली.

मागून धोंडाबाई म्हणाल्या, “तीन दिस शिकायचं आन तीन दिस काय गाडीची वाट बघायची व्हय?”

“पाच करू. मॅडम, पाच म्हणजे फार झालं.”

सिस्टरांनी जपमाळेचा पुढचा मणी ओढला. साहेबांनी रुमाल काढून मान पुसली.

“सहा! शनिवार धरून! याच्या पुढे माझ्या हातात काही नाही, आईशप्पथ!”

आणि बारा वाजले. कॉन्व्हेंटची घंटा झाली. सिस्टर उठल्या, कपाळाला, छातीला, दोन्ही खांद्यांना बोटं लावून त्यांनी क्रूसाची खूण केली आणि प्रार्थनेला आत निघून गेल्या.

“मान्य केलं!” दिग्विजयभाऊ ओरडले. टाळ्या. एका बाईने साहेबांना कुंकू लावलं. साहेबांनी माझ्याच पेनने आदेश लिहिला. शुक्रवार २७ फेब्रुवारीपासून पौड-पिंपळटेक पावणेसहाची गाडी, प्रायोगिक तत्त्वावर एक महिना. मी तोंड उघडलं होतं, आत्या. ‘साहेब, एक मिनिट’ एवढं म्हणालेसुद्धा. पण रेश्माने माझ्या पायावर पाय दिला. तिची चप्पल टाचेची आहे.

गुरुवारी सकाळी सात वाजता सिस्टरांचं मौन संपतं. दिग्विजयभाऊ मोसंबीचा रस घेऊन येणार आहेत, त्यांना पाजून उपोषण सोडवायला, फोटोग्राफरसकट. सिस्टर पहिल्याच वाक्यात खरं बोलतील. त्यांना दुसरं येतच नाही. मग गाडी जाईल, रेश्मा जाईल, आणि हे सगळं माझ्या एका पत्रामुळे. मला अन्न जात नाही. या साऱ्या आंदोलनात खरी उपाशी मी एकटीच आहे असं वाटतं.

काय करू ते लगेच कळव.

नम्रता

*

पिंपळटेक,
बुधवार, २५ फेब्रुवारी

चि. नम्रतास अनेक आशीर्वाद.

दुरुस्ती: माझा चष्मा मोडलेला नाही.

हे पत्र मी स्वतः लिहिते आहे. अक्षर बघून तू ओळखलं असशीलच. तुझं बुधवारचं पत्र रात्रीच मी स्वतः वाचलं होतं, दोन वेळा. मग चष्मा डब्यात ठेवला आणि सकाळी विश्रामला म्हणाले, मला दिसत नाही, जरा मोठ्याने वाच. इंजिन बंद करायला मीच सांगितलं. म्हणजे चूक तुझी एका पत्राची आणि माझी सात गावांची. तेव्हा उगाच सगळं आपल्या अंगावर घेऊ नकोस. तुला लहानपणापासून ती खोड आहे. मांजराने दूध सांडलं तरी तू येऊन कबूल करायचीस.

दुसरी दुरुस्ती जुनी आहे. तू पाचवीत जाताना मला विचारलं होतंस, “आत्या, तू दहावीच्या पुढे का नाही शिकलीस?” मी म्हणाले, मला अभ्यासाचा कंटाळा होता. तो नव्हता. मी पौडला अकरावीत नाव घातलं होतं. सतरा दिवस गेले. तेव्हाही शेवटची गाडी साडेचारचीच होती आणि शेवटचा तास पाचला सुटायचा. आप्पा, तुझे आजोबा, रोज घ्यायला येत, बैलं सोडून. अठराव्या दिवशी त्यांनी सांगितलं, पुरे. त्यांचा राग नाही, बैलांनाही कुणी बघायला हवं होतं. मग मी तुम्हा पोरांना ओट्यावर गोळा करून शिकवायला लागले, कारण जेवढं आलं होतं ते कुठेतरी ठेवायला पाहिजे होतं.

तुला सांगणं एवढंच, की गप्प बस असं मी तुला सांगू शकत नाही. सांगायला बसले होते. कागद घेतला, ‘गप्प बस’ लिहिलं आणि खोडलं. तुला मीच तसं घडवलं, आता कुणाकडे तक्रार करू? काय करायचं ते कर, पण नीट जेवून कर.

म्हैस व्याली. पारडी झाली. अजिबात ओरडत नाही म्हणून रेश्माने तिचं नाव मौनी ठेवलंय.

तुझी,
आत्या

*

पौड,
शनिवार, २८ फेब्रुवारी

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार.

दुरुस्ती: मी लिहिलं होतं की सगळे सिस्टरांबद्दल गैरसमज करून बसले आहेत. सिस्टरही सगळ्यांबद्दल गैरसमज करून बसल्या होत्या.

गुरुवारी मी सहा वाजताच कॉन्व्हेंटच्या दाराशी जाऊन उभी राहिले. सात वाजता सिस्टर बाहेर आल्या. आठ दिवसांनंतरचं त्यांचं पहिलं वाक्य असं होतं, “नम्रता, अगं किती सुंदर झालं! आजवर मी एकटीच तपसाधना करायची. या वर्षी सतरा बायका आपणहून माझ्याबरोबर मौनाला बसल्या!”

धोंडाबाई मौनाला बसल्या होत्या असं म्हणणाऱ्या त्या पहिल्याच.

मी म्हणाले, “सिस्टर, फ्लेक्स वाचला नाही का?” तर तपसाधनेत त्या बायबलशिवाय काही वाचत नाहीत. “आणि ते साहेब? तुमच्यासमोर खुर्ची घेऊन बसलेले?”

“तो घाम पुसणारा गृहस्थ? बिचारा. त्याच्या बोलण्याकडे माझं पुरतं लक्ष नव्हतं. दोन दिवस, तीन दिवस, पाच दिवस म्हणत होता. मला वाटलं, आपण उपास किती दिवस करावा ते ठरवतोय. मी त्याच्यासाठी एक अख्खी माळ जपली.”

मग मी सगळं सांगितलं. पत्र, विश्राम, सात गावं. तुझा चष्मासुद्धा सांगितला, माफ कर. सिस्टर पायरीवर बसल्या. मला वाटलं रडताहेत, म्हणून मी पाणी आणायला धावले. त्या हसत होत्या, आवाज न करता, आठ दिवसांची सवय म्हणून. तोंड पुसून झाल्यावर मात्र म्हणाल्या, “खरं सांगायला हवं. चल, आगारात जाऊ.”

“गाडी गेली तर?”

“गेली तर चौथा अर्ज टाइप करशील.”

गेटवर दिग्विजयभाऊ रस घेऊन हजर. सिस्टर म्हणाल्या, “भाऊ, मी उपोषण केलेलंच नाही.” भाऊ फोटोग्राफरकडे बघून म्हणाले, “बघा, केवढी नम्रता!” मी म्हणाले, “काय?” तर ते माझ्याबद्दल नव्हतं. सिस्टरांचा उपवास चालूच होता, म्हणून त्यांनी तो पेला बाजूला उभ्या असलेल्या विश्रामच्या हातात दिला, आणि तहानलेल्या विश्रामने तो एका दमात संपवला. फोटो तेव्हाच निघाला. काल तो पौडात सगळ्यांच्या फोनवर फिरत होता. विश्रामचं उपोषण कुणाच्या विरोधात होतं, अशी चौकशी चालू आहे.

आगारात साहेबांनी आमचं सगळं ऐकून घेतलं. मग कपाळाला हात लावून म्हणाले, “म्हणजे मी एकटाच भाव करत होतो?”

“हो,” सिस्टर म्हणाल्या. “मी तुमच्यासाठी प्रार्थना करत होते.”

“मॅडम, आदेश निघालाय. तो रद्द करायचा तर कारण लिहावं लागतं. ‘उपोषण झालेच नाही’ असं लिहिलं तर मला विचारतील, मग तू कुणाशी बोलणी केलीस? मी काय लिहू, बारा वाजले म्हणून?” महिनाभर गाडी चालेल, म्हणाले. गुरुवार २६ मार्चला मुदत संपेल. पुढचं वरच्यांच्या हातात, आणि खरं सांगायचं तर वरचे महिला दिन झाला की विसरतील.

काल पावणेसहाची गाडी सुटली. एकवीस मुली चढल्या, सगळ्यांना जागा मिळाली. रेश्मा खिडकीतून ओरडली, “ताई, पाय बरा हाय का?” विश्रामने दोनदा घंटी मारली. मागचा दिवा दिसेनासा होईपर्यंत सिस्टर थांब्यावर उभ्या होत्या, आणि मला तुझे ते सतरा दिवस आठवले. तुझ्या दुसऱ्या दुरुस्तीला काय उत्तर लिहायचं हे मला दोन दिवस सुचत नव्हतं. तिथे उभं असताना सुचलं.

चूक दुरुस्त करायची म्हणजे लिहिलेलं बदलायचं, असंच मी समजत होते. सात गावांना मी कळवलं की कुणीतरी या गाडीसाठी उपोषणाला बसलं आहे. ते खोटं निघालं. ते आता मी खरं करणार आहे.

मला एकादशी झेपत नाही हे तुला ठाऊक आहे. दहाचा चहा चुकला तर माझे हात थरथरतात. सिस्टरांना विचारलं तेव्हा त्या आधी नको म्हणाल्या, मग म्हणाल्या, “मी शेजारी बसेन. माझे चाळीस दिवस तेव्हाही चालूच असतील. पण या वेळी मी बोलणार, आणि भरपूर बोलणार.” आगाराला रीतसर नोटीस मी आजच टाइप केली. साहेबांनी पोच देताना हात जोडले.

तेव्हा हे पत्र फाडू नकोस. चष्मा डब्यात ठेव, विश्रामला पायरीवर उभं कर आणि इंजिन बंद करायला लाव. पुढचं मोठ्याने वाचायचं आहे.

गाडी कायम झाली नाही, तर मी, नम्रता, पिंपळटेकच्या तुळजाबाईंची भाची, त्यांच्याच ओट्यावर शिकलेली, कॉलेजच्या गेटबाहेरच्या बाकावर उपोषणाला बसणार आहे. नुसती बसणार नाही. उपोषणाला बसणार आहे. रविवारी सुट्टी नाही. ज्यांना सोबत यायचं त्यांनी यावं, पिशवीत भाकरी आणू नये. शुक्रवार, २७ मार्च २०२६, सकाळी सात वाजता.

तुझी,
नम्रता